ताश्कंदहून चालत कझाकस्तानात: टुरिस्ट व्हिसा आणि जमिनीवरची सरहद्द समजून घेऊ या

आपल्या घरांत पासपोर्ट बहुतेक वेळा दोनच कारणांसाठी काढला जातो. हज-उमराह, नाहीतर आखातातली नोकरी. दोन्ही वेळा व्हिसाचं काम दुसरंच कुणीतरी करतं. उमराहला टूरवाले सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतात, नोकरीच्या वेळी कंपनी नाहीतर एजंट. शेवटी आपल्या हातात एक कागद येतो, आपण तो प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवतो आणि विमानतळावर पुढे करतो. त्यावर काय लिहिलंय हे ओळीने वाचायची वेळ फारशी येतच नाही.

आता चित्र बदलतंय. समरकंद-बुखारा पाहायला जाणारी कुटुंबं वाढली आहेत. महाराष्ट्रातली बरीच मुलं-मुली समरकंद, बुखारा, बिश्केक, ओश, अल्माटी इथे एमबीबीएस शिकतायत, त्यांना भेटायला आई-वडील जातात. आणि पाठीवर सॅक टाकून, स्वस्तातल्या हॉस्टेलमध्ये राहून, दोन-तीन देश एकाच सफरीत पाहणारी तरुण मंडळीही आपल्यात आहेत. या लोकांना एका गोष्टीचा अनुभव नसतो, तो म्हणजे जमिनीवरची सरहद्द. नेपाळ-भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि बाकी शेजाऱ्यांकडे रस्त्याने जाणं सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे परदेश म्हणजे विमानतळ, हेच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

म्हणून एक खरा रस्ता घेऊन हा विषय समजून घेऊ या. उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद ते कझाकस्तानातलं शिमकेंत. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. पुढे तेवढंच आणि थोडं जास्त गेलं की तुर्किस्तान नावाचं शहर लागतं. तिथे ख्वाजा अहमद यसवी यांचा मकबरा आहे. तैमूरने १३८९ च्या सुमारास तो बांधायला घेतला, १४०५ मध्ये तैमूर वारला आणि काम अर्धवट राहिलं. २००३ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ताश्कंदपर्यंत गेलेल्या माणसाला वाटणारच, इतक्या जवळ आलोय तर बघून येऊ. आणि गफलत होते ती नेमकी इथेच.

आधी एक हिशेब

समजा, मालेगावचे दोन भाऊ ताश्कंदला उतरले. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा काढलेला, एकदाच प्रवेशाचा. समरकंद झालं, बुखारा झालं. परतीचं विमान ताश्कंदहूनच. मध्ये चार दिवस मोकळे होते, म्हणून ते शिमकेंत-तुर्किस्तानला गेले. जाताना कुणीही अडवलं नाही. उझबेक अधिकाऱ्याने बाहेर पडल्याचा शिक्का मारला, कझाक अधिकाऱ्याने आत आल्याचा. सगळं कायदेशीर.

चौथ्या दिवशी परत आले तेव्हा उझबेक काउंटरवर उत्तर मिळालं, तुमचा व्हिसा संपला.

तीस दिवसांपैकी अजून पंधरा शिल्लक होते, मग संपला कसा? कारण तो एकाच प्रवेशाचा होता. देशाबाहेर पाऊल टाकलं त्या क्षणी तो वापरून झाला. दिवस शिल्लक असणं आणि प्रवेश शिल्लक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर जाताना अधिकारी हे सांगत बसत नाही, ते त्याचं कामही नाही. तुम्ही जाताय एवढंच तो पाहतो.

आता त्यांच्यापुढे दोनच वाटा. शिमकेंतला थांबून नवा ई-व्हिसा काढायचा आणि तोवर विमान सुटलं तर सुटलं. नाहीतर कझाकस्तानातूनच नवं तिकीट काढून घरी यायचं. दोन्हींत हजारो रुपये जातात, आणि घरचे लोक जिवाला घोर लावून बसतात तो वेगळाच.

हा सगळा लेख एका वाक्यात सांगायचा तर असा: व्हिसा काढणं आता सोपं झालंय, तो वाचायला मात्र आपल्याला शिकावं लागेल.

व्हिसावरच्या तीन ओळी

उझबेकिस्तानने जुलै २०१८ मध्ये ई-व्हिसा सुरू केला. भारतीयांना तो मिळतो. अर्ज घरबसल्या करता येतो. पासपोर्टच्या पानाचा स्पष्ट फोटो, स्वतःचा फोटो आणि कार्डने फी. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं असा नियम आहे, पण शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या त्यात मोजल्या जात नाहीत. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करावा हे बरं. कागद ईमेलवर आला की या तीन गोष्टी शोधा.

पहिली, वैधता. म्हणजे हा व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो. ई-व्हिसाची वैधता ९० दिवसांची असते.

दुसरी, मुक्काम. म्हणजे आत किती दिवस राहता येतं. तो ३० दिवसांचा असतो. वैधता ९० दिवसांची म्हणून ९० दिवस राहता येईल असं समजू नका. ९० दिवसांच्या खिडकीत केव्हाही जा, पण राहायचे दिवस तीसच. दोनदा आत जायचं असेल तर पहिल्या प्रवेशापासून तीस दिवसांच्या आत सगळी सफर उरकेल असा बेत करा, म्हणजे कुठल्याही काउंटरवर वाद नाही.

तिसरी, प्रवेशांची संख्या. एक, दोन किंवा अनेक. सुरुवातीला फक्त एकाच प्रवेशाचा ई-व्हिसा मिळायचा, २०१९ पासून दोन आणि अनेक प्रवेशांचाही मिळतो. फी अनुक्रमे २०, ३५ आणि ५० डॉलर. आता त्या दोन भावांचा हिशेब पुन्हा करा. दोन प्रवेशांचा व्हिसा ३५ डॉलरला पडला असता. एकेरी दोनदा काढला तर ४० डॉलर, शिवाय वाट पाहण्याचे दिवस आणि हॉटेलचा खर्च. म्हणजे १५ डॉलर वाचवायला जाऊन त्याच्या कितीतरी पट घालवायचे.

कझाकस्तानचं वेगळं आहे. जुलै २०२२ पासून भारतीयांना तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. मात्र १८० दिवसांत मिळून ४२ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. पोहोचल्याचा दिवस पहिला धरूनच मोजा. व्हिसा लागत नाही म्हणजे काहीही करता येतं असं नाही. ही सवलत फिरण्यासाठी आणि भेटीगाठींसाठी आहे, नोकरी किंवा शिक्षणासाठी नाही. मुदत उलटली तर दंड होतो, प्रकरण वाढलं तर हद्दपारी आणि पुढे प्रवेशबंदी.

तिकडे शिकणाऱ्या मुलांनाही हेच सांगा. समरकंदला मेडिकलला असलेल्या मुलाला सुट्टीत मित्रांबरोबर कझाकस्तान पाहायचंय, तर त्याने आधी आपल्या विद्यार्थी व्हिसावर परत येण्याचा प्रवेश आहे का ते कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावं. सिनियर मुलं सांगतात त्यावर जाऊ नये. प्रत्येकाचा व्हिसा वेगळा असू शकतो.

अर्ज भरताना आपल्याला नडणाऱ्या गोष्टी

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पासपोर्टवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद'चं आखूड रूप, शाळेच्या दाखल्यावर 'मोहंमद'. अर्जात पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच अक्षर न अक्षर टाका. पासपोर्टच्या पानावर सगळ्यात खाली बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. सरहद्दीवरचं मशीन त्या ओळी वाचतं. तुमचं नाव तिथे जसं आहे तसंच व्हिसावर पाहिजे.

दुसरं, आडनावाची रिकामी जागा. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, आडनावाचा रकाना कोरा. २०२२ च्या शेवटी संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा देण्याबद्दल कडक नियम केला, तेव्हा किती तरी घरांत धावपळ झाली. फिरायला जायचा विचार पक्का असेल तर आधी पासपोर्टमध्ये आडनाव घालून घेतलेलं चांगलं. ते एकदाच करायचं काम आहे, पुढे उमराहलाही उपयोगी पडतं.

तिसरं, वेबसाईट. ई-व्हिसा असं टाकून शोधलं की वर दिसणाऱ्या कित्येक साईट खासगी एजंटांच्या असतात. झेंडा, बोधचिन्ह, सगळं सरकारी वाटावं असं. तेच काम दुप्पट-तिप्पट पैशांत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट यूझेड' आहे का ते बघा. उझबेक सरकारची साईट तीच.

चौथं, पैसे भरणं. आपल्या बहुतेक बँक कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. नाहीतर फॉर्म पूर्ण भरून शेवटच्या पायरीवर अडकायला होतं.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असू द्या. कोरी पानंही दोन-तीन हवीत, कारण जमिनीवरून ये-जा केली की शिक्के भराभर वाढतात. ताश्कंदला उतरणं, शिमकेंतला जाऊन येणं आणि घरी परतणं यात तिकडचेच सहा शिक्के झाले.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, त्याबद्दल नेहमी विचारलं जातं. ती अट ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्याला तिचा अडथळा नाही.

सरहद्द प्रत्यक्षात कशी असते

शाळेत आम्ही शिक्षक नकाशावर सरहद्द एका रेषेने दाखवतो. प्रत्यक्षात ती रेषा नसते. ते दोन दरवाजे असतात आणि मध्ये एक मोकळी पट्टी. ताश्कंदच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर उझबेक बाजूला गिश्त-कुप्रिक आणि कझाक बाजूला झिबेक-झोली असं नाव आहे. एकाच जागेची दोन नावं. जुने लोक तिसरंच नाव घेतात, चेर्न्यायेवका. टॅक्सीवाल्याशी बोलताना ही तिन्ही लक्षात ठेवा. कोणतं नाकं चालू आहे, कुठे दुरुस्ती चाललीये, हे आदल्या रात्री हॉस्टेलवर विचारून घ्या, कारण त्यात बदल होत असतात.

ॲपवरून टॅक्सी करा म्हणजे भाड्याची घासाघीस नको. टॅक्सी तुम्हाला दरवाजाबाहेर सोडते. तिथे नोटा बदलून देणारे आणि पुढचे टॅक्सीवाले गराडा घालतात. 'पैसे द्या, रांगेत पुढे घालतो' असंही कुणी म्हणेल. सगळ्यांना हसून नकार द्या आणि चालत राहा.

पुढचा क्रम असा. उझबेक कस्टम, सामान मशीनमधून. मग उझबेक पासपोर्ट काउंटर, बाहेर पडल्याचा शिक्का. मग मधली पट्टी चालत पार करायची. मग कझाक काउंटर, आत आल्याचा शिक्का. मग कझाक कस्टम, पुन्हा मशीन. संपलं. गर्दी नसेल तर तासाभराच्या आत काम होतं. सुट्टीच्या आणि बाजाराच्या दिवशी दोन-तीन तासही लागतात. थेट बसने गेलात तरी सुटका नाही. बसमधून सामानासकट उतरून हेच सगळं चालत करावं लागतं.

प्रत्येक काउंटर सोडण्याआधी तिथेच उभं राहून शिक्का बघा. उमटलाय का, तारीख बरोबर आहे का. पाच सेकंदांचं काम आहे. शिक्का नसेल तर परतीच्या वेळी तुम्ही आत कधी आलात हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

कझाक अधिकारी विचारेल, कुठे चाललात, किती दिवस, कुठे उतरणार. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट कागदावर छापून ठेवा. उझबेक सिमकार्ड पलीकडे गेल्यावर बंद पडू शकतं, मोबाईलमधलं बुकिंग त्याच क्षणी उघडत नाही. उत्तर थोडक्यात द्या. इंग्रजी त्यालाही कमीच येत असेल. आणि व्हिसा असला किंवा लागत नसला तरी आत घ्यायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, हे विसरू नका. आवाज चढवून उपयोग होत नाही.

सरहद्दीवर फोटो काढू नका. आणि कितीही बिचारी दिसणारी बाई म्हणाली, 'बेटा, ही एक पिशवी पलीकडे ने', तरी नेऊ नका. नेकी करायला दुसऱ्या हजार जागा आहेत. कस्टमच्या मशीनसमोर पिशवी ज्याच्या हातात, तिची जबाबदारी त्याची.

बाहेर पडलात की शिमकेंतसाठी शेअर टॅक्सी आणि छोट्या गाड्या उभ्या असतात. भाडं टेंगेमध्ये, कझाक चलनात. घड्याळ बदलायची गरज नाही. १ मार्च २०२४ पासून पूर्ण कझाकस्तानची वेळ एक झाली आणि ती ताश्कंदशी जुळते, भारताच्या अर्धा तास मागे.

नोंदणीची चिठ्ठी

उझबेकिस्तानात परदेशी माणसाची राहण्याची नोंद व्हावी लागते, पोहोचल्यापासून तीन दिवसांत. हॉटेल-हॉस्टेल ती आपोआप करतं. मुलाच्या भाड्याच्या खोलीवर उतरलात तर घरमालकाला ती करावी लागते, आणि बरेच पालक नेमके इथे चुकतात. प्रत्येक मुक्कामाची चिठ्ठी किंवा तिचा मोबाईलवरचा फोटो जपा. कझाकस्तानातही यजमानाने पाहुण्याची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायची असते. हॉटेलमध्ये चावी घेतानाच विचारून टाका.

आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं

मुसलमान बहुसंख्येचे देश आहेत, तेव्हा आपल्याला काय अडचण, असं वाटतं. लोक खरंच प्रेमळ आहेत, भारताचं नाव ऐकून सिनेमातली गाणी म्हणून दाखवतात. पण कायदे त्यांचे स्वतःचे आहेत.

चेहरा झाकणं: उझबेकिस्तानात २०२३ मध्ये आणि कझाकस्तानात २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आणणारे कायदे झाले. डोक्यावरचा स्कार्फ चालतो, नकाब नाही. ज्या भगिनी नकाब घेतात त्यांनी घरच्यांशी बोलून जायचं की नाही हे आधीच ठरवावं. सरहद्दीवर तर पासपोर्टशी चेहरा जुळवलाच जातो. तिथे महिला अधिकारी मागायला हरकत नाही.

दीनी साहित्य: उझबेकिस्तानात धार्मिक पुस्तकं आणण्यावर सरकारी तपासणी आहे. वाटायला म्हणून पुस्तकं, पत्रकं काहीही नेऊ नका. टुरिस्ट व्हिसावर दावतचं काम करायचं नसतं. उझबेकिस्तानात धर्मप्रचार कायद्याने मना आहे आणि कझाकस्तानात २०१३ पासून तबलीगी जमाअतवर बंदी आहे. आपलं मत काहीही असो, कायदा माहीत असलेला बरा.

औषधं: ट्रामाडोल, कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं दोन्ही देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात म्हणून बॅगेत टाकू नका. घरातल्या मोठ्यांची रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. ड्रोन उझबेकिस्तानात नेताच येत नाही.

लहान मुलं: आई एकटी किंवा वडील एकटे मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला बरोबर ठेवा.

नमाज: रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून वजू करूनच निघा. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, तिकडे तो नैऋत्येकडे असतो.

अडचण आलीच तर

ताश्कंद आणि अस्ताना इथे भारताचे दूतावास आहेत. त्यांचे फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. परदेशातल्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टलही आहे. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत नोंद, मग दूतावास. दूतावास तातडीचं प्रमाणपत्र देतो, पण ते फक्त भारतात परत येण्यासाठी असतं, सफर पुढे चालू ठेवण्यासाठी नाही. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत घरी, एक ईमेलवर, एक सॅकच्या तळाशी.

निघायच्या आदल्या रात्री एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, कोणत्या देशात शिरणार, आणि त्या देशात हे कितव्यांदा. ताश्कंद, पहिल्यांदा. शिमकेंत, पहिल्यांदा. ताश्कंद, दुसऱ्यांदा. आता व्हिसाचा कागद शेजारी ठेवून प्रवेशांचा आकडा जुळवा. सातवीतल्या मुलालाही हे काम देता येईल, आणि द्यावंच. आकडा जुळला तर बिस्मिल्लाह म्हणून सॅक उचला. जुळला नाही तर अजून घरातच आहात, नव्याने अर्ज करता येतो.